काचेखालचा पालक

मंदाकाकू टीव्हीवरच्या हवामानवाल्याशी भांडायच्या. नुसतं पुटपुटणं नव्हे, चांगलं कमरेवर हात ठेवून. "काल काय म्हणालास? रात्री गारठा नाही? बाहेर येऊन बघ जरा, मेल्या. कोट घालून दिव्याखाली बसल्यावर थंडी कशी कळेल?" तो बिचारा पांढरेशुभ्र दात दाखवून पुढच्या नकाशाकडे वळायचा आणि काकू विजयाने म्हणायच्या, "बघ, उत्तर नाही ना!" त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि माझी खिडकी समोरासमोर होती. त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवायच्या दिवसांत हे सगळं मला घरबसल्या ऐकू यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मुलाला बोलतायत.

ही २००४ सालापासूनची गोष्ट. अमेरिकेत, एडिसनमध्ये, ओक ट्री रोडपासून जवळच एका जुन्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. शेजारचं घर प्रशांत आणि शिल्पाचं, स्वतःचं, मागे बऱ्यापैकी मोठं अंगण असलेलं. मंदाकाकू प्रशांतच्या आई. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, एम.एस्सी.ची पदवी बॅगेत आणि काम करायला कायद्यानं मनाई. हे कळल्यावर काकू म्हणाल्या, "तुला काम करायला बंदी, मला काम थांबवायला बंदी. बरं जमेल आपलं." काम म्हणजे नातीला, रियाला, सांभाळणं, दोन्ही वेळचा स्वयंपाक आणि घड्या घालायच्या कपड्यांचे ढीग.

दिसायला लहानखुऱ्या. पाचवारी साडी, पायात शिल्पाचे जुने पळायचे बूट, आणि वर प्रशांतचं एक जाकीट. त्याच्या पाठीवर प्रशांतच्या पहिल्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. ती कंपनी कधीच बुडाली होती. "कंपनी गेली, पण अस्तर चांगलं आहे," असं काकू म्हणत. उभा जन्म मुलींना विज्ञान शिकवण्यात गेला होता, त्यामुळे त्या सगळ्या जगाला मार्क देत. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या डब्यातल्या पालकाचं पान चावून म्हणत, "बारा मार्क. नापास." माझ्या पोळ्यांना त्यांनी सुरुवातीला पस्तीस दिले आणि मी नागपूरची म्हणून वरती दोन ग्रेस. जमिनीत बी टाकण्याआधी त्या माती मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघत, तान्ह्या बाळाचं दूध कोमट आहे का बघतात तशा. त्यांना मायाळू म्हातारी म्हणायची सोय नव्हती. कुणी प्रेमानं जवळ आलं तर त्या आधी त्याची चूक शोधत.

त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. धुळे, अलिबाग, नांदेड, कराड, दर तीन वर्षांनी बदली. प्रत्येक सरकारी क्वार्टरच्या मागे काकूंनी काही ना काही लावलं आणि प्रत्येक ठिकाणी ते खायच्या वेळेला ट्रक दारात उभा राहिला. "अलिबागेत चिकू लावला. फळ धरलं आणि ऑर्डर आली. आपण लावायचं, पुढच्या साहेबाच्या बायकोनं खायचं. तिनं कधी पत्रानंसुद्धा कळवलं नाही, गोड निघाले की नाही ते." यजमान गेल्यावर प्रशांतनं कराडचा फ्लॅट विकायला लावला. "आई, आता कुठं जायचं नाही. हे तुझंच घर," असं तो म्हणाला होता. मुलगे असं म्हणतात. शहाण्या आया ते ऐकतात आणि सोडून देतात. काकूंनी ते खरं मानलं.

"मला फार काही नको गं वैशाली," त्या एकदा कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या. "एकदा, एकदाच, मी पेरलेलं माझ्याच दारात बसून शेवटच्या पानापर्यंत खायचंय. थंडीभर. बाहेर बर्फ आणि ताटात माझा पालक."

त्यांची मागणी एवढीच होती, आणि मी त्यांना ओळखत होते त्या सगळ्या काळात ती बदलली नाही.

पहिल्या वर्षी त्यांनी घटस्थापनेच्या मुहूर्तावर बी टाकलं. मेथी, पालक, शेपू. आपल्याकडे पालेभाजी थंडीची, म्हणून नवरात्रात पेरायची, दिवाळीनंतर खायची, इतकं ते अंगवळणी पडलेलं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बी उगवलं, दोन दोन पानं आली आणि मग सगळं तसंच उभं राहिलं. आठवडे गेले तरी तिसरं पान येईना. काकू रोज जाऊन बघायच्या, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलींकडे बघावं तशा. मग जमीन गोठली. मेथी एका रात्रीत काळी पडली. पालकाची बारकी रोपं गोठणाऱ्या मातीनं मुळासकट वर ढकलून दिली.

त्या रडल्या नाहीत. दोन महिने चिडलेल्या होत्या, कुणावर ते कळत नव्हतं. मग एके दिवशी स्वतःहून म्हणाल्या, "जन्मभर पोरींना शिकवलं, पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून. फळ्यावर आकृती काढून. आणि इथं येऊन पंचांग बघून पेरलं! शून्य मार्क." त्या हिवाळ्यात त्यांनी दुसरं काही केलं नाही, फक्त स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं ऊन बघितलं. कुठून येतं, कुठवर सरकतं, कधी जातं. शिल्पा मला म्हणाली, "आय थिंक आई डिप्रेस्ड आहेत. दिवसभर भिंतीकडे बघत बसतात." मी काकूंना ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शिल्पाला काय ऐकावं लागलं असतं, मला माहीत होतं.

मार्चमध्ये त्यांनी मला बोलावून सिद्धान्त सांगितला. "पालक थंडीनं मरत नाही. तो अंधारानं थांबतो. नोव्हेंबरात इथला दिवस इतका आखडतो की पान वाढायचंच सोडून देतं. म्हणजे त्याच्या आधी रोप पूर्ण भरलेलं हवं. मग वरून काच घातली की ते नुसतं थांबतं. मरत नाही, वाढत नाही. हवं तेव्हा जा आणि काढा. आता हिशेब उलटा कर. केव्हा पेरायचं?"

मी म्हटलं, "सप्टेंबर?"

"नापास. ऑगस्ट. लोक घामानं निथळत असतात तेव्हा."

आणि ऑगस्टात निराळीच अडचण. माती इतकी तापलेली की पालकाचं बी रुसून बसतं, उगवत नाही. त्यावर काकूंनी बी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं, रियाच्या ज्यूसच्या डब्यांमागे. मोड डोकावला की संध्याकाळी पेरायचं आणि वाफ्यावर ओलं गोणपाट. शिल्पानं पहिलं फडकं कचऱ्यात टाकलं. तिला वाटलं काहीतरी सडलंय. दुसऱ्या फडक्यावर काकूंनी इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली, 'लिव्हिंग थिंग. डू नॉट टच.'

काचांची गोष्ट याच्याही आधीची. आमच्या गावात मोठा कचरा उचलायचा दिवस ठरलेला असे. लोक जुने सोफे, गाद्या, खिडक्या रस्त्याच्या कडेला आणून ठेवत. काकूंनी दोन गल्ल्या पलीकडे एका घराबाहेर लाकडी चौकटीच्या चार खिडक्या हेरल्या. रियाची लाल खेळण्यातली गाडी घेऊन आम्ही दोघी निघालो. काकू पुढे ओढतायत, मी मागून काच धरून चालतेय, अशी वरात आमच्या रस्त्याला लागली आणि समोरून प्रशांतची मोटार आली.

"आई, काय करतेयस तू? लोकांच्या गार्बेजमधून? अगं, इथे माझ्या ऑफिसचे लोक राहतात!"

"मग त्यांना सांग, तुमच्या खिडक्या फुकट गेल्या नाहीत."

"मी तुला होम डेपोतून नवीन आणून देतो ना. एनीथिंग यू वॉन्ट."

"तू मला तीन वेळा खुरपं आणून देणार होतास," काकू म्हणाल्या आणि गाडी ओढत पुढे गेल्या. प्रशांत वाईट नव्हता. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. तो आईला गरम मोजे आणायचा, गुडघ्यांसाठी गोळ्या आणायचा, सगळ्यांसमोर 'माझी आई' म्हणून कौतुकानं सांगायचा. फक्त तिनं मागितलेली वस्तू सोडून तो तिला बाकी सगळं द्यायचा.

त्या ऑगस्टला पालक उगवला, झकास उगवला. आणि सप्टेंबरात काकूंना देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला जावं लागलं. तिथं त्यांची मुलगी अंजू, तिचं बाळंतपण. भावाबहिणीनं फोनवर ठरवलं, तिकीट काढलं आणि काकूंना तारीख सांगितली. बाळंतपणाला नाही कोण म्हणणार? जाताना त्यांनी प्रशांतला तीनदा बजावलं. थंडी सुरू झाली की काचा ठेव, दुपारी जरा उचलून हवा दे, बस्स. मला म्हणाल्या, "तू लक्ष ठेव, पण त्याच्या अंगणात तू जाऊ नकोस. त्याचं घर आहे, त्याला करू दे."

ऑक्टोबरच्या एका शनिवारी सकाळी एक ट्रक आला. माणसं उतरली, त्यांनी वाफा सपाट केला आणि वर तयार हिरवळीच्या गुंडाळ्या उलगडल्या. मी धावत खाली गेले. प्रशांत दारात उभा होता, हातात कॉफी, चेहरा खुललेला.

"सरप्राइज आहे आईसाठी," तो म्हणाला. "तिची कंबर किती दुखते. आता वाकायलाच नको. आणि रियाचा बर्थडे पण होईल मागे."

मी म्हटलं, "पण त्यांचा पालक?"

"अरे यार, पालक काय, पटेलच्या दुकानात डॉलरला जुडी मिळते."

मी तिथंच त्याला चार शब्द सुनावले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि "तू फार इमोशनल होतेस" म्हणाला. तोवर अर्धं अंगण हिरवं झालं होतं. डिसेंबरात काकू परत आल्या. मागचं दार उघडून त्यांनी बघितलं, दार लावलं आणि बॅगा उघडायला गेल्या. त्यांच्यासारखी बाई गप्प बसते तेव्हा आजूबाजूच्यांनी घाबरायला हवं, पण प्रशांत मला म्हणाला, "बघ, आवडलं तिला."

तिसऱ्या वर्षी मात्र त्या कुणाला बधल्या नाहीत. जुलैत त्यांनी स्वतः खुरप्यानं ती हिरवळ कापून काढली, गालिचा उचलावा तशी, आणि गुंडाळून गराजच्या दारात ठेवली. अंजूला फोनवर सांगितलं, "ऑगस्ट ते मार्च मला कुणी बोलवायचं नाही. बाळंत व्हायचं असेल तर एप्रिलनंतर व्हा." फडक्यातलं बी, संध्याकाळची पेरणी, गोणपाट, सगळं यथासांग झालं. सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीत एक बाई त्यांना म्हणाल्या, "काकू, मी तर मेथी दिवाळीला टाकते. छान थंडी असते ना!" काकू म्हणाल्या, "टाका. मेथी नाही आली तरी समाधी छान होईल." त्या बाई पुन्हा आमच्याशी बोलल्या नाहीत.

नोव्हेंबर लागला तेव्हा वाफा असा भरला होता की माती दिसत नव्हती. जाड, काळपट हिरवी, सुरकुतलेली पानं. काकू काच उचलून दाखवायच्या आणि लगेच बंद करायच्या, दागिन्यांचा डबा बंद करावा तशी. मी म्हटलं, "काढूया ना थोडा?"

"आत्ता काढला तर तो नुसता पालक. गारठा खाल्ला की पानात साखर उतरते. रोपाला स्वतःला गोठू द्यायचं नसतं, म्हणून ते साखर करतं. थंडी पडू दे नीट. घाई पानाला आहे का तुला?"

आणि त्या वर्षी थंडी पडेना. लोक शर्टावर फिरत होते. टीव्हीवरचा तो दात दाखवत म्हणायचा, काय सुरेख हवा आहे! काकू त्याला शिव्या घालायच्या.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत प्रशांतनं सांगितलं, कंपनी त्याला अर्विंगला पाठवतेय. टेक्सासला. मोठी पोझिशन, मोठं घर, पूल. हे घर विकलंसुद्धा गेलं होतं. डिसेंबरात क्लोजिंग, म्हणजे ताबा द्यायचा. ही सगळी बोलणी आईला न सांगता झाली होती, "उगाच टेन्शन नको म्हणून."

त्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या, खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदाच चहा नको म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या संतापतील. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी त्याला म्हटलं, मार्चपर्यंत थांब. तू पुढे जा, मला मार्चपर्यंत राहू दे. तो म्हणाला, आई, घर विकलंय. मला कळतच नव्हतं, वैशाली. मी म्हणतेय थांब आणि तो म्हणतोय विकलंय." मग म्हणाल्या, "तो म्हणतो, टेक्सासला उबदार असतं, बारा महिने काहीही लाव. त्याला कोण सांगणार, तिथं उन्हाळा मारतो. तिथलं केव्हा पेरायचं ते कळायला मला तीन वर्षं लागतील. तीन वर्षं हा एका जागी बसेल?"

मी म्हटलं, "जाण्याआधी आपण खाऊ तरी."

"खायचाच आहे," त्या म्हणाल्या. "थंडी येऊ दे."

निघायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात आली. अशी आली की नळ गोठले. काकूंचा चेहरा त्या आठवड्यात उजळला होता, हे मी शपथेवर सांगते. बेत ठरला. त्यांचं स्वयंपाकघर खोक्यांत गेलेलं, म्हणून भाजी माझ्याकडे. ताकातली पातळ भाजी, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून. निघायच्या दिवशी दुपारी काढायचा, शिजवायचा, सगळ्यांनी जेवायचं आणि मग गाडीनं टेक्सासच्या रस्त्याला लागायचं. प्रशांत हो म्हणाला होता. त्या सकाळी मी डाळ-दाणे शिजवून ठेवले, ताकाला बेसन लावून ठेवलं, आणि खाली गेले.

गाडी सुरू होती. रिया आत बसलेली, शिल्पा शेवटची खोकी ठेवत होती. प्रशांत अंगणात काकूंसमोर उभा होता.

"आई, स्टॉर्म येतोय. दुपारी निघालो तर पेन्सिल्व्हेनियात अडकू. आत्ता निघायला हवं."

"दोन तास थांब. आत्ता पानं गोठलीयत. बघ." काकूंनी काच उचलली. पानं जमिनीला चिकटून पडली होती, काचेसारखी ताठ, कडांना पांढरी. "गोठलेल्या पानाला हात लावायचा नसतो. ऊन आलं की ते आपणहून सुटतं, पाणी परत आत घेतं, उठून उभं राहतं. रोपावर आहे तोवरच. आत्ता तोडलं तर घरात गेल्यावर त्याचा लगदा होतो."

"आई, प्लीज. वी हॅव अ किड इन द कार."

"दोन तास, प्रशांत. ऊन भिंतीवर आलंय, आता वाफ्यावर येईल. मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलंय का रे?"

रिया खिडकीतून ओरडली, "बाबा, आर वी गोइंग ऑर नॉट?"

प्रशांतनं घड्याळाकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. मग म्हणाला, "ओके. तुला पालक हवाय ना? वेट." मी पुढे होऊन म्हटलं, "प्रशांत, त्या काय म्हणतायत ते ऐक तरी," पण तो गुडघ्यावर बसला होता. हातमोजे घातलेल्या हातांनी त्यानं पानं ओरबाडायला सुरुवात केली. मूठभर, पुन्हा मूठभर, रोपं मुळांसकट निघत होती, आणि पानांचा कुरकुर कुरकुर आवाज येत होता. काकू "अरे" म्हणाल्या. एकदाच. मग उभ्या राहून बघत राहिल्या. त्यानं किराण्याची एक प्लॅस्टिकची पिशवी गच्च भरली, तिला गाठ मारली आणि आईच्या हातात दिली. "घे. सगळा आणलाय. आता तिथं गेल्यावर मस्त भाजी कर. हॅपी?" थंडीनं त्याचं नाक लाल झालं होतं आणि तो मनापासून हसत होता.

काकूंनी पिशवी घेतली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डाळ फुकट घालवू नकोस. वरण कर." आणि गाडीत जाऊन बसल्या, मागे, रियाच्या शेजारी, मांडीवर पिशवी.

गाडी मागे येऊन रस्त्याला लागली. आत हीटर पूर्ण लावलेला असावा, काचा धुरकटल्या होत्या. वळणाच्या आधी मागची काच खाली गेली. काकूंचा हात बाहेर आला, हातात ती पिशवी, गाठ सोडलेली. गार वाऱ्यात त्यांनी ती बाहेरच्या बाहेर धरून ठेवली होती. रिया आतून ओरडली, "आजी, इट्स फ्रीझिंग!" प्रशांतनं पुढून बटण दाबलं असावं. काच हळूहळू वर येऊ लागली, काकूंनी हात आत घेतला आणि काच बंद झाली.